पुन्हा रोवलेला दात आणि त्याचा रक्तपुरवठा

(शालेय आरोग्य शिबिरात शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दात हा शरीरातील सर्वांत कठीण अवयव म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दगडासारखा दिसणारा हा अवयव आतून आणि बाहेरून जिवंत असतो, याची जाणीव फारच थोड्यांना असते. खेळताना मुलाचा समोरचा दात मुळासकट निखळून पडला, की तो कायमचा गेला असेच समजले जाते. रक्त थांबविण्याची धावपळ होते, मुलाला धीर दिला जातो, आणि दात मात्र मैदानाच्या मातीत राहून जातो. दुधाचा पडलेला दात कौलावर भिरकावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्याच सवयीने कायमचा दातही टाकून दिला जातो. वस्तुतः असा दात पुन्हा त्याच्या खोबणीत बसविता येतो. तो तेथे धरतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्याच्यात नव्याने रक्त खेळू लागते. हे कसे घडते, कोणत्या कारणाने बिघडते आणि त्यात शाळेतील शिक्षकाच्या हाती नेमके काय असते, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

मुळासकट निखळणाऱ्या दातांत वरच्या जबड्यातील मधल्या दोन पटाशीच्या दातांची संख्या सर्वाधिक असते. वयाने पाहिले तर सात ते अकरा वर्षांच्या मुलांत ही दुखापत विशेष आढळते. याला कारण आहे. हे दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतात. परंतु त्यांचे मूळ पुरे होण्यास त्यानंतर साधारण तीन वर्षे लागतात. तोवर मूळ आखूड असते, भोवतालचे हाड लवचिक असते आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू पक्के झालेले नसतात. त्यामुळे जो आघात मोठ्या माणसाचा दात मोडतो, तोच आघात लहान मुलाचा दात अखंड उपटून बाहेर काढतो. खो-खोच्या खांबावरची धडक, सायकलवरून पडणे, जिन्यावरून घसरणे, एवढेही त्यास पुरेसे होते. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले असतात, त्यांना हा धोका अधिक.

दाताची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बाहेर दिसतो तो दाताचा माथा. त्यावर दंतवल्काचे कठीण आवरण असते. त्याच्या आत दंतिन, आणि दंतिनाच्या पोकळीत मऊ दंतमज्जा. लोक हिला दाताची ‘नस’ म्हणतात. तो शब्द शास्त्रीय नसला तरी अगदी चुकीचाही नाही, कारण दंतमज्जेत संवेदना वाहणारे मज्जातंतू असतात. पण त्यांच्याबरोबर रक्तवाहिन्या आणि दंतिन तयार करणाऱ्या पेशीही असतात. या सगळ्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून येतो. पूर्ण वाढलेल्या दातात हे छिद्र मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, जेमतेम सुईच्या अग्राएवढे असते. वाढत्या दातात मात्र ते उघड्या नळीसारखे रुंद असते.

मुळाच्या बाहेरच्या अंगावर सिमेंटमचा पातळ थर असतो, आणि सिमेंटम व जबड्याचे हाड यांच्यामध्ये परिदंत बंध. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो या बंधातील असंख्य तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो. बंधाची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. इतक्या अरुंद जागेत तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि नवे सिमेंटम व नवे हाड घडविणाऱ्या पेशी दाटीने नांदतात. या बंधाला रक्त मिळते ते केवळ मुळाच्या टोकाकडून नव्हे. भोवतालच्या हाडातील बारीक छिद्रांतून आणि हिरडीकडूनही मिळते. दंतमज्जा हे एका दाराचे घर आहे, तर परिदंत बंधाला चारही बाजूंनी खिडक्या आहेत. रोवलेल्या दाताच्या पुढील सर्व कथेचे मर्म या भेदात आहे.

निखळलेला दात परत बसविण्याची कल्पना नवी नाही. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळातील कॉर्डोव्हाचा शल्यवैद्य अल्-झहरावी याने सैल दात सोन्याच्या तारेने बांधण्याची कृती लिहून ठेवली आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोज पारे यानेही दात परत बसविण्याचा उल्लेख केला आहे. परंतु परत बसविलेल्या दाताला रक्त मिळते काय, हा प्रश्न प्रयोगाने विचारला तो अठराव्या शतकात, लंडनच्या जॉन हंटर यांनी. त्यांनी माणसाचा नुकताच काढलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्य भरले, आणि तुरा दातासकट चिरून पाहिला. तुऱ्यातील वाहिन्या दाताच्या पोकळीत शिरल्याचे त्यांना दिसले. दातांवरील त्यांचा ग्रंथ १७७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तुऱ्यातील दाताचा नमुना लंडनमधील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. पुष्कळ प्रयत्नांपैकी एकच सफल झाल्याचे हंटर यांनी स्वतः नमूद केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. दुर्दैवाने त्यांच्या उत्साहाचा एक परिणाम वेगळाच झाला. गरिबांच्या मुखातील धडधाकट दात विकत घेऊन श्रीमंतांच्या मुखात बसविण्याचा व्यवसाय लंडनमध्ये काही काळ फोफावला. थॉमस रोलँडसन यांनी १७८७ मध्ये काढलेल्या व्यंगचित्रात हा सौदा उघडा केला आहे. दुसऱ्याचा दात शरीर स्वीकारीत नाही आणि त्यातून रोगही संक्रांत होतात, हे कळल्यावर तो प्रकार मागे पडला. स्वतःचाच दात स्वतःच्या खोबणीत परत बसविणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तेथे परकेपणाचा प्रश्नच येत नाही.

दात निखळतो तेव्हा एकाच वेळी दोन जखमा होतात. परिदंत बंध फाटतो, आणि मुळाच्या टोकाशी दंतमज्जेचा रक्तपुरवठा तुटतो. या दोन्ही जखमा स्वतंत्रपणे भरतात किंवा स्वतंत्रपणे बिघडतात. त्यांची गल्लत केल्यामुळे पालकांची नेहमी निराशा होते. दात घट्ट बसला म्हणजे आतूनही बरा झाला असे नव्हे, आणि आतील मज्जा मेली म्हणजे दात गेला असेही नव्हे.

प्रथम परिदंत बंधाचा विचार करू जाता असे दिसते की, तो साधारणतः मधोमध फाटतो. अर्धे तंतू व पेशी खोबणीच्या भिंतीला चिकटून राहतात, अर्धे दाताच्या मुळावर. खोबणीतल्या पेशींना रक्त मिळतच असते. त्यांची चिंता नको. चिंता असते ती मुळाला चिकटून बाहेर आलेल्या पेशींची. डोळ्यांना न दिसणारा, ओलसर असा हा थर जिवंत असतानाच दात परत बसविला, तर दोन्ही कडांमध्ये रक्ताची पातळ गुठळी धरते आणि तीन-चार दिवसांत तिच्यात कोवळ्या केशवाहिन्या व नवे ऊतक शिरू लागते. आठवडाभरात हिरडी दाताला पुन्हा चिकटते. दोन आठवड्यांत फाटलेल्या तंतूंची टोके जुळून बंधाला त्याच्या मूळ बळाचा निम्म्याहून काहीसा अधिक वाटा परत मिळालेला असतो. एवढ्या थोड्या काळात हे घडते, कारण या बंधाला सर्व बाजूंनी रक्त मिळते.

मुळावरचा हा थर मेला असेल, तर मात्र चित्र पालटते. हाडाच्या पेशींना दाताचे उघडे मूळ हे हाडासारखेच वाटते. शरीरात हाड सतत झिजत आणि नव्याने घडत असते. अस्थिभक्षक पेशी जुने खातात आणि दुसऱ्या पेशी नवे रचतात. जिवंत परिदंत बंध या व्यवहारापासून दाताचे रक्षण करीत असतो. तो नाहीसा झाला की मूळही त्या व्यवहारात ओढले जाते. दंतिन खाल्ले जाते आणि त्याच्या जागी हाड भरत जाते. दात हाडाशी एकजीव होतो. पालकांना तो अतिशय घट्ट वाटतो व ते समाधान मानतात. दंतवैद्याने त्यावर हलकेच ठोकले असता मात्र धातूवर ठोकल्यासारखा टणक आवाज येतो, आणि त्यावरून तो काय ते ओळखतो. मोठ्या माणसात ही झीज मंद असते व दात पुष्कळ वर्षे काम देतो. मुलांत ती वेगाने होते. शिवाय जबडा वाढत असताना हाडाशी जखडलेला दात वाढीबरोबर खाली येत नाही, त्यामुळे तो शेजारच्या दातांच्या मानाने आखूड दिसू लागतो.

हा थर किती वेळ जिवंत राहतो? कोपनहेगन येथील जेन्स ओव्हे आंद्रेआसेन आणि त्यांचे सहकारी यॉर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये अपघाताने निखळून परत बसविलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे दात अर्ध्या तासाच्या आत खोबणीत परत गेले होते, त्यांपैकी ९० टक्के दातांत पुढे मुळाची झीज आढळली नाही. जे दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिले होते, त्यांपैकी ९५ टक्के दातांत झीज आढळली. दंतवैद्यकाच्या इतिहासात इतका स्पष्ट कौल क्वचितच मिळाला असेल. कोरड्या हवेत राहिलेल्या दाताच्या मुळावरील पेशी तासाभरानंतर जिवंत राहत नाहीत, असे आज मानले जाते.

दंतमज्जेची गोष्ट याहून नाजूक आहे. दात निखळताच तिचा रक्तपुरवठा शून्य होतो. परत बसविल्यावर रक्त येऊ शकते ते त्या एकाच दारातून, मुळाच्या टोकाकडून. दार रुंद असेल, म्हणजे मुलाचे मूळ अपुरे असेल, तर टोकाजवळच्या ऊतकातून नव्या केशवाहिन्या मृतप्राय मज्जेत शिरतात. काही ठिकाणी तुटलेल्या जुन्या वाहिन्यांची टोके नव्या वाहिन्यांना जाऊन मिळतात, परंतु बरेचसे काम नव्या वाहिन्यांनाच करावे लागते. त्यांच्या मागोमाग नवे ऊतक सरकते व मेलेले ऊतक हटवीत वर चढते. स्कोग्लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कुत्र्याच्या पिलांच्या दातांवर केलेल्या प्रयोगांत, वाहिन्यांत रंगद्रव्य भरून, ही चढण टप्प्याटप्प्याने पाहिली. दहाव्या दिवसापर्यंत नव्या वाहिन्या मज्जेच्या टोकाकडील अर्ध्या भागात पोहोचल्या होत्या, आणि सुमारे तीस दिवसांत संपूर्ण मज्जेत रक्त खेळू लागले होते. हा वेग दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर धरला जातो. म्हणजे पंधरा मिलिमीटर लांबीची मज्जा परत मिळविण्यास महिना लागतो.

हा महिना म्हणजे एक शर्यत असते. एका बाजूने रक्तवाहिन्या चढत असतात, दुसऱ्या बाजूने जंतू. मातीत पडलेल्या दाताच्या मुळावरून, चिरलेल्या दंतवल्कातून किंवा फाटलेल्या हिरडीच्या कडेने जंतू आत शिरतात. मृत मज्जेत त्यांना अडविणारे कोणी नसते, कारण अडविणाऱ्या पेशी रक्तातूनच यावयाच्या असतात. जंतूंनी वाहिन्यांच्या आधी मज्जा व्यापली, की चढण तेथेच थांबते. मग मज्जा कुजते, तिच्यातील विष दंतिनाच्या सूक्ष्म नलिकांतून मुळाच्या बाहेरच्या अंगापर्यंत पोहोचते, आणि तेथे सिमेंटम खरवडलेले असेल तर दाहामुळे मूळ झपाट्याने झिजू लागते. कोवळ्या दातात या नलिका रुंद असल्यामुळे ही झीज काही आठवड्यांतच क्ष-किरण चित्रात दिसू शकते. वेळीच मज्जेची पोकळी साफ करून औषध भरले, तर मात्र ती थांबविता येते. हाडाशी एकजीव होण्याची प्रक्रिया थांबविण्याचा उपाय आजही उपलब्ध नाही. दाहजन्य झीज थांबविता येते. हा भेद ध्यानात असला म्हणजे वेळेवर तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या शर्यतीत जय कितीदा मिळतो, याचा हिशेबही उपलब्ध आहे. आंद्रेआसेन यांनी १९९५ मध्ये परत बसविलेल्या ४०० पटाशीच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९४ दातांचे मूळ अपुरे होते, आणि त्यांपैकी ३४ टक्के दातांत मज्जेचा रक्तपुरवठा पुनः सुरू झाला. म्हणजे उत्तम सोयी असलेल्या शहरातही तीनांतून एक. मूळ पूर्ण झालेल्या दाताचे छिद्र इतके अरुंद असते की तेथे ही आशा व्यवहारतः धरता येत नाही. म्हणून अशा दाताचे रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू करावे, असा दंक्षत तज्ज्ञांचा दंडक आहे. कोवळ्या दाताच्या बाबतीत मात्र थांबून, पाहून निर्णय घेतला जातो.

रक्त परत आले म्हणजे मज्जा पूर्ववत होते काय? पूर्णांशाने नव्हे. दंतिन घडविणाऱ्या मूळच्या पेशी बहुधा गेलेल्या असतात. नव्या ऊतकातील पेशी पोकळीच्या भिंतीवर कठीण द्रव्याचे थर घालू लागतात. ते कधी दंतिनासारखे, कधी हाडासारखे असतात. परिणामी पोकळी हळूहळू अरुंद होते आणि दाताचा माथा किंचित पिवळसर दिसतो. याने घाबरून जाण्याचे कारण नाही. आत जीव असल्याची ती खूण होय. संवेदना मात्र रक्तामागून, काही महिन्यांनी येते. त्यामुळे गार लावून किंवा विजेचा सौम्य झटका देऊन केलेल्या परीक्षेला दाताने प्रारंभी उत्तर दिले नाही, एवढ्यावरून तो मृत ठरविणे चूक होय. ती परीक्षा मज्जातंतूंची असते, रक्ताची नव्हे. लेसरच्या साहाय्याने प्रत्यक्ष रक्तप्रवाह मोजणारी यंत्रे निघाली आहेत, परंतु ती सर्वत्र नाहीत.

आता प्रत्यक्ष मैदानावरचा विचार. पहिल्या अर्ध्या तासात मुलाजवळ दंतवैद्य नसतो, शिक्षक असतो. दाताचे भवितव्य पुष्कळसे त्याच अर्ध्या तासात ठरून जाते. मूल शुद्धीवर आहे, डोक्याला गंभीर मार नाही, याची खात्री आधी करावी. दाताचा क्रम त्यानंतर. दात दुधाचा असेल तर तो परत बसवू नये, कारण त्याखाली घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते. कायमचा असेल तर तो माथ्याकडून उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास दूध, सलाइन किंवा मुलाची स्वतःची लाळ यांनी, आणि काहीच नसेल तर पाण्याच्या बारीक धारेखाली, क्षणभर विसळावा. साबण, ब्रश, राख, मीठ यांपैकी काहीही लावू नये. दात घासून लख्ख करणारा सद्भावनेचा हात त्या पातळ थराचा समूळ नाश करतो. दात बाहेर राहण्याने होते त्याहून अधिक हानी काही वेळा या स्वच्छतेने होते. त्यानंतर दाताची पुढची बाजू पुढे ठेवून तो खोबणीत सावकाश बसवावा व मुलाला स्वच्छ रुमाल दातांखाली हलकेच धरावयास सांगावे. हे धैर्य सर्वांना होणार नाही, आणि तसे न झाल्यास त्यात कमीपणा नाही.

मग दात दुधात ठेवावा. दुधाची निवड भावनेने झालेली नाही. साध्या पाण्यात क्षारांचे प्रमाण अत्यल्प असल्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात व फुटतात. दुधातील विद्राव्य घटकांचे प्रमाण शरीरातील द्रवांच्या जवळपास असते, म्हणून त्यात पेशी काही तास तग धरतात. स्वीडनमधील ब्लोमलोफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिले. दूध ताजे, थंड आणि साखर न घातलेले असावे. नासलेले किंवा आंबलेले चालत नाही. मेलेल्या पेशी दूध जिवंत करीत नाही. जिवंत आहेत त्या टिकविते, एवढेच. शहाळ्याच्या पाण्याबद्दल कोकणातील शिक्षक आवर्जून विचारतात. चेन्नई येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शहाळ्याचे पाणी दुधाहून सरस ठरले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र त्यातील आम्लतेमुळे ते कमी प्रतीचे ठरले. हा वाद मिटेपर्यंत दूधच बरे. दूधही नसेल तर मुलाने थोडी लाळ एखाद्या वाटीत काढून त्यात दात ठेवावा. कोरड्या रुमालात, कागदाच्या पुडीत किंवा खिशात ठेवून तालुक्याच्या गावी नेलेला दात बहुधा उशिराच पोहोचलेला असतो, एस.टी. कितीही वेळेवर असली तरी.

दंतवैद्य दात बसवून तो शेजारच्या दातांना बारीक, लवचिक तारेने दोन आठवड्यांपुरता बांधतो. पूर्वी ही बांधणी पक्की व दीर्घ मुदतीची असे. परंतु दाताला थोडी हालचाल मिळाली नाही तर तो हाडाशी जखडण्याचा संभव वाढतो, असे आढळल्यावर ती पद्धत सोडण्यात आली. जंतुनाशक औषध दिले जाते आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी होते. मुलाने दोन आठवडे मऊ अन्न खावे व मऊ ब्रशने दात घासावेत. दात फार उशिरा आणला गेला तरीही तो बहुधा परत बसविलाच जातो. तो पुढे झिजणार हे ठाऊक असते. तरी मुलाची वाढ पुरी होईपर्यंत तो हाडाची रुंदी आणि दाताची जागा राखून ठेवतो. ते दात आखूड दिसू लागले तर माथा काढून मूळ हाडातच राहू देण्याची शस्त्रक्रियाही करता येते. तेथे पुढे कृत्रिम दातासाठी चांगले हाड शिल्लक राहते.

त्यानंतरची तपासणी लांबलचक असते. मूळ अपुरे असलेल्या दाताची दोन आठवड्यांनी, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात, वर्षाने, आणि पुढे किमान पाच वर्षे दरसाल तपासणी करावी लागते. दुखणे थांबल्यावर पालक येत नाहीत, ही सर्वच दंतवैद्यांची तक्रार आहे. आणि दाहजन्य झीज तर वेदनेवाचूनच होत असते. येथेही शाळेला थोडे साहाय्य करता येईल. अपघात झाल्याबरोबर एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून ती मुलाबरोबर पाठवावी: दात किती वाजता पडला, किती वाजता ओल्या द्रवात ठेवला, आणि तो द्रव कोणता होता. दंतवैद्य पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि घाबरलेल्या आईवडिलांना त्याचे उत्तर बहुधा देता येत नाही. त्या चिठ्ठीची एक प्रत मुलाच्या आरोग्यपत्रिकेत लावून पुढील तपासण्यांच्या तारखा तेथेच नोंदवाव्यात.